राजूरच्या मुगाची गुंडाळी

अण्णांचा संगणक मला बरोबर न्यायचा होता, म्हणून मी तो लहान करायला घेतला.

जालन्यात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत बियाण्यांच्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका दुकानाच्या वर अण्णांची, माझ्या वडिलांची, खोली होती. बाहेर पत्र्याची पाटी, 'बियाणे उगवण तपासणी', आणि खाली त्यांचं नाव, रामकिसन. आत एक लांब ओटा, पाण्याचा पिंप, भिंतीला लागून माणसाच्या उंचीचं उगवण-कपाट आणि खिडकीत कूलर. आयुष्यभर त्यांनी इथे एकच काम केलं. लोक बी आणून द्यायचे आणि ते उगवेल की नाही हे अण्णा सांगायचे.

पद्धत साधी होती. ओल्या जाड कागदावर बी ओळीत मांडायचं, वर दुसरा ओला कागद, खालची कड दुमडून सैलसर गुंडाळी करायची आणि रबर लावायचा. दोनच वेढे. तिसरा दिला तर बी घुसमटतं, असं ते म्हणत. गुंडाळ्या कपाटात उभ्या करायच्या आणि आठवड्याने उलगडून मोजायच्या.

मोजायला दोन माणसं लागत. एक चिमट्याने रोप उचलून पुकारणार, "चांगलं. वाकडं. कठीण." दुसरा लिहिणार, आणि लिहून झालं की "हं" म्हणणार. "हं" आल्याशिवाय अण्णा पुढचं रोप उचलत नसत. शाळेच्या सुट्टीत लिहायला मी बसायची. एखादं बी उगवलेलं नसलं तर ते चिमट्याच्या टोकांत धरून दाबून बघत. मऊ लागलं तर मेलं. घट्ट लागलं तर कठीण. बायका त्याला कोरडू म्हणतात, पण ते जिवंत असतं. आणि कळलंच नाही तर अण्णा ते परत ओल्या कागदात ठेवत. म्हणत, "राहू दे. पुन्हा बघू." दाबून बघितल्याशिवाय त्यांनी कधी कशाला मेलं म्हटलं नाही.

मी पुण्याला नोकरीला गेल्यावर ते एकटेच मोजू लागले. माईक समोर ठेवून पुकारायचे आणि मग ऐकून ऐकून आकडे भरायचे. भरून झाले की आवाजाची फाईल पुसून टाकायचे. त्यांचा आकडे भरायचा प्रोग्रॅम फार जुना होता, नव्या संगणकावर चालतच नव्हता. म्हणून त्यांचा सबंध जुना संगणक मी नव्याच्या आत बसवून दिला होता. आमच्या धंद्यात त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरून बघितलं तर ती फक्त एक भली मोठी फाईल असते. आतून बघितलं तर एक पूर्ण संगणक, त्याची स्वतःची डिस्क, स्वतःचं घड्याळ.

अण्णा वैशाखात गेले. खोलीतून घरी आले, पायऱ्यांवर चप्पल काढायला बसले आणि तिथेच गेले. चौदावा झाला, पाहुणे पांगले. जाता जाता पुष्पाबाई आत्या आईला म्हणाली, "पोरीच्या डोळ्याला पाणी न्हाई गं तुळजा. हिला दवाखान्यात दाखव." मी आतल्या खोलीत टेबलफॅन खोलून बसले होते. त्या दिवसांत मला हात रिकामे ठेवता येत नव्हते. आईच्या मिक्सरचं बटण, न्हाणीचा नळ, गेटची कडी, सगळं मी दुरुस्त केलं. मग खोली मालकाला परत द्यायची म्हणून तिकडे गेले.

फाईल पुण्याला नेण्याइतकी लहान करणं हे माझं रोजचं काम. पुसलेल्या गोष्टी डिस्कवरून खरं तर जात नाहीत. त्यांच्यावरचा पत्ता फक्त खोडला जातो. म्हणून आधी ती सगळी रिकामी जागा शून्यांनी भरून घ्यायची आणि मग ती शून्यं दाबून काढून टाकायची. शून्यं भरली तेव्हा, त्या जागेत अण्णांची इतक्या वर्षांची पुकारणी पडलेली होती हे मला माहीत होतं. माहीत होतं, पण तेव्हा तसं वाटलं नाही. मी बटण दाबलं आणि ओटा पुसायला घेतला.

लालमियाँ चाचा चहा घेऊन आले. अण्णांकडे कागद भिजवणं, ट्रे धुणं, टँकर आला की पाणी चढवणं, हे सगळं तेच बघायचे.

"ताई, तुम्ही पण साहेबासारख्याच. बसल्या जागी बसत न्हाई."

"बसते, चाचा."

"सकाळपासून तेच बोलून राह्यल्या."

एवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि दारातूनच एक बाई बोलत आत आली. "लालमियाँ भाऊ, कागद धुता का नुसता चहाच पिता? साहेब कुठंयत?"

चाचांनी कप खाली ठेवला. त्यांनी साहेब गेल्याचं सांगितलं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीवरच बसली. मग तिने विचारलं, "ही पोरगी?"

"व्हय. तृप्तीताई."

तिचं नाव दैवशाला. राजूरची. मूग घेऊन आली होती, सासूच्या हातचं घरचं बी. गेल्या साली कणगीत पाणी शिरलं आणि बी भिजलं. दुसरं कुणाकडे आता ते उरलं नव्हतं.

"बी चांगलं असलं तं वावरात पेरते," ती म्हणाली. "अशक्त असलं तं विहिरीपाशी वाफा करून तेवढं जगवते. वावरात टाकलं आन् उगवलं न्हाई, तं संपलं मंग. मिरग तोंडावर आला बाई. साहेब म्हणले होते, ह्या आठवड्यात या. म्हणून आल्ते."

मी कपाट उघडलं. रिकामं होतं.

"गुंडाळी मोजून झाली होती," चाचा म्हणाले. "शेवटच्या दिवशीच. मी टँकरवर गेल्तो. वर आलो तं साहेब माईकपुढं पुकारून राह्यले होते. म्हणले, लालमियाँ, आकडे उद्या भरू, तू कोंब फेकून दे. मी फेकले."

म्हणजे त्या मुगाचा निकाल आता एकाच ठिकाणी होता. अण्णांच्या आवाजात, त्या संगणकात. ही फाईल त्यांनी पुसलेली नव्हती. शून्यं फक्त रिकाम्या जागेत जातात, त्यामुळे ती शाबूत असणार. आणि ती अण्णांची शेवटची पुकारणी होती.

"बाजार करून या," मी म्हटलं. "गाडीच्या आधी सांगते."

"चारची गाडी हाय. चुकवू नका मला."

ती गेली. मी स्क्रीनकडे वळले. काम पूर्ण झाल्याचा संदेश आला होता. फाईलचा आकार बघितला. तो कमी झाला नव्हता. आधीपेक्षा थोडा वाढला होता.

असं होत नाही. शून्यं दाबून काही मोठं होत नाही. मी आकडा पुन्हा वाचला, मग मशीन सुरू केलं. काळा पडदा, डावीकडे वर लुकलुकणारी एक रेघ, पुढे काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं. तीच रेघ.

मी घाबरले नाही. काम सुरू करण्याआधी प्रत काढून ठेवायची ही माझी शिस्त, आणि आदल्या दिवशीच मी पोर्टेबल डिस्कवर प्रत घेतली होती. तिला नंतर हातही लावला नव्हता. ती जोडली, त्यावरून मशीन उठवलं. काळा पडदा. लुकलुकणारी रेघ.

न दाबलेली प्रत दाबल्यामुळे कशी बिघडेल? मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले. खाली हातगाडीवर मोसंबी रचलेली होती आणि ऊन इतकं डोक्यावर आलं होतं की रस्त्यावर सावलीच पडत नव्हती. चाचा दाराशी बसून माझ्याकडे बघत होते.

"बिघडलं का?"

"उठत नाही. पण आतलं काढता येईल."

उठत नसलेल्या मशीनची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून तिच्यातून फाईली शोधता येतात. मी शोध सुरू केला. हिरवी पट्टी सरकत राहिली. मी पिंप रिकामा केला, ट्रे आकाराप्रमाणे लावले, मग पुन्हा उलटे लावले. आईचा फोन आला, जेवायला ये. मी म्हटलं, येते.

पट्टी शेवटाला पोचली. डिस्कवर काहीच उरलं नव्हतं. प्रोग्रॅम नाही, आकडे नाहीत, जुनं विंडोज नाही. ज्या जागेत या सगळ्या गोष्टी होत्या तिथे शून्यं होती. आणि जिथे मी शून्यं भरली होती, त्या रिकाम्या जागेत आवाजाच्या फाईली होत्या. खालपर्यंत, संपतच नव्हत्या.

मी एक उघडली.

आधी कूलरची घरघर. मग ओला कागद उलगडल्याचा आवाज. मग अण्णा.

"बदनापूर. बद्रीनाथ. ज्वारी."

आणि मग शांतता. त्यानंतर फाईल संपली.

मी कधी बसले ते कळलं नाही. आवाज अगदी तसाच होता, किंचित घोगरा, शब्द संपल्यावर ओठ मिटल्याचा आवाजही तोच. मी दुसरी फाईल लावली. "अंबड. झुंबरबाई. बाजरी." शांतता. तिसरी, चौथी. प्रत्येकीत गुंडाळी कुणाची ते, आणि पुढे काही नाही. सगळ्या सारख्याच लांबीच्या, जेमतेम एका दमाएवढ्या.

राजूरची सापडली. "राजूर. दैवशाला. मूग." मग पुन्हा तीच शांतता.

"पुढचं कुठंय?" मी मोठ्याने म्हटलं.

चाचा उठून आत आले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"साहेब थांबले, बेटा," ते हळू म्हणाले. "हूं कुणी म्हणलंच न्हाई न."

मी हसले. मग कूलर बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. फाईल पुन्हा लावली. स्पीकरमधूनही कूलरची घरघर आली नाही.

मी हे टिपलं. याआधी ती आली होती हेही टिपलं. स्पीकरची वायर तपासली, मग माईकची. माईक जोडलेलाच नव्हता. त्याची वायर ओट्याखाली नुसती लोंबत होती.

"राजूर. दैवशाला. मूग."

शांततेत चाचा खोकले. स्पीकरमधूनही खोकला आला.

चाचा दोन पावलं मागे सरले. "ताई, बंद करा ते. त्या बाईला मी सांगतो, बी वाफ्यात टाक म्हणून. अंदाजानं सांगतो."

अंदाजाने. या खोलीत हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. घड्याळात साडेतीन होत आले होते. मी समोर कागद ओढला आणि पेन्सिल घेतली. फाईल पुन्हा लावली, आणि अण्णा बोलून थांबले तेव्हा म्हटलं,

"हं."

"चांगलं," अण्णा म्हणाले.

खिडकीवर माशी आपटत होती. खालून कुणीतरी कुणा पप्पूला हाक मारत होतं.

"हं."

"चांगलं."

"हं."

"वाकडं."

मी रेघा ओढत गेले. चांगल्याची उभी, वाकड्याची तिरपी, कठीणची गोळी. लहानपणी होत्या त्याच खुणा. फाईल कधीच संपायला हवी होती. खाली वेळ दाखवणारा काटा शेवटाला जाऊन टेकला होता आणि हलत नव्हता. मी तो हाताने झाकला. मी "हं" लवकर म्हटलं तर ते लवकर पुढे जात. उशीर केला तर थांबून राहत. एकदा मी मुद्दाम गप्प राहिले. बराच वेळ. मग अण्णांनी घसा साफ केला. माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं की ते असाच घसा साफ करायचे.

"हं," मी म्हटलं.

मला वाटलं होतं मी रडेन. तसं झालं नाही. त्या दिवसांत पहिल्यांदाच मला स्वस्थ वाटत होतं. पाय हलायचे थांबले होते. ओळी भरत गेल्या. चांगली पुष्कळ होती, वाकडी थोडी. शेवटाकडे एका बियापाशी अण्णा थांबले. चिमट्याची टोकं जुळल्याचा बारीक आवाज आला.

"कठीण."

"हं."

"झालं. राजूर झालं."

मी पेन्सिल खाली ठेवली. बी चांगलं होतं. वावरात पेरण्याजोगं. सासूचा मूग आणखी एक साल टिकणार होता.

पण फाईल बंद झाली नाही.

कागदाचा आवाज आला. ओला कागद ओट्यावर पसरल्याचा. अण्णा पुढची गुंडाळी उलगडत होते.

"जालना," ते म्हणाले.

मी वाट पाहिली.

"तृप्ती."

मग शांतता. ती ओळखीची, "हं" एवढ्या लांबीची शांतता. चाचा दारातून काहीतरी म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. माझा हात आपोआप पेन्सिलकडे गेला होता.

"हं," मी म्हटलं.

मनगटाच्या आतल्या बाजूला काहीतरी गार लागलं.

दोन टोकं.

त्यांनी दाबलं. जोरात नाही. अण्णा दाबायचे तसं, आत मऊ आहे की घट्ट एवढं कळण्यापुरतं. मी हलले नाही. श्वासही घेतला नाही. काय पुकारतील याची वाट पाहिली.

दाब तसाच राहिला.

मग सुटला.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "पुन्हा बघू."

कड दुमडल्याचा आवाज. मग गुंडाळल्याचा, सावकाश, सैलसर. मग रबर ताणल्याचा.

मग काहीच नाही. फाईल संपली होती. मी ती पुन्हा लावली तेव्हा तिच्यात एका दमाएवढं, "राजूर. दैवशाला. मूग." एवढंच होतं. मी "हं" म्हटलं नाही.

दैवशाला आली तेव्हा पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. मी तिला सांगितलं, वावरात पेरा. तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"साहेबांनी सांगितलं का तुम्ही सांगून राह्यल्या?"

"अण्णांनीच."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि गाडीसाठी जिना उतरण्याआधी दारातच हात जोडून गेली. पेरल्यावर येऊन जा, मूग देते, असं खालून ओरडून सांगितलं.

चाचांनी खिडकी लावली. पिंपावर झाकण ठेवलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, शेवटचं हूं कशाला म्हणल्या?"

"सवय," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि कुलूप मी लावलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मी रस्त्यावर आले, पोर्टेबल डिस्क पिशवीत, आणि घाम पुसायला ओढणीचं टोक हातात घेतलं.

ते ओलं होतं. आतून गार. खालची कड नीट दुमडून कुणीतरी त्याची सैलसर गुंडाळी केली होती, आणि त्यावर रबर लावला होता.

दोनच वेढे.